अन्वर, ते पाणी मी फेकू दिलं नाही

अन्वर,

शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लिही, असा निरोप आला. आपल्या बॅचचे लोक म्हणाले, तुम्ही दोघं एका बाकावरचे, पुढे एकाच कारखान्यातले, तुझ्याशिवाय कोण लिहिणार? मी हो म्हटलं. हो म्हणायला मला कधी जड गेलं नाही. जड जातं ते बोलणं. तू चारचौघांत सांगायचास, "मध्याकडून शब्द काढणं म्हणजे आटलेल्या बोअरला पंप लावणं. नुसती हवा."

तर आता ऐक. तू कुठं शिकलास, नोकरीला कधी लागलास, ते मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना जे ठाऊक आहे त्यात एक गोष्ट मात्र खोटी आहे आणि ती माझ्या तोंडून बाहेर पडलेली आहे. भाऊबीजेच्या संध्याकाळी जळगावच्या आपल्या केळी वेफर्सच्या कारखान्यात तू जमिनीखालच्या टाकीत उतरलास आणि आतल्या वायूनं गुदमरून गेलास, हे खरं. कोणालाही न विचारता उतरलास, हे खोटं. तू मला विचारलं होतंस. मी उतर म्हटलं होतं.

हे आधीच लिहून टाकलं. नाहीतर मी आठवणींच्या आडोशाला जाऊन बसलो असतो आणि कागद संपला असता.

आठवणी तर आहेतच, त्यांचं काय करू? अमळनेरला मी खोली घेऊन राहायचो, गावाहून आलेला पोरगा, आणि जेवायला असायचो तुमच्या घरी. नळाला आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी यायचं, तेही कधी येईल याचा नेम नाही. पाणी आलं की तुमच्या बाजारातल्या दुकानापासून गल्लीच्या टोकापर्यंत आरोळी जायची. तुमच्याकडे आंघोळ दगडावर बसून करायची आणि दगडाखाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यानं ओटा धुवायचा, ओट्यावरून वाहिलेलं मेंदीच्या झुडपाला. मी पहिल्यांदा आंघोळ केली तेव्हा सवयीनं दोन तांबे जास्त ओतले आणि आतून अम्मीचा आवाज आला, "पानी गिराना है तो तापी पे जाके रहो!" मी अंग न पुसता बाहेर आलो. तू हसून हसून खाली बसलास. तुझ्या अब्बांचं पंपदुरुस्तीचं दुकान, म्हणजे सगळ्या तालुक्याला पाणी उपसून देणारं घर, आणि त्या घरात पाण्याची ही कंजुषी. मला ते विचित्र वाटायचं. तुला वाटायचं नाही. तू म्हणायचास, उपसतो म्हणून तर कळतं.

कारखान्यात तुला मी आणलं. आधीचा फिटर सोडून गेला तेव्हा शेठना तुझं नाव सांगितलं. तू आलास त्या उन्हाळ्यात दोन्ही बोअर धापा टाकत होते. फाटकाबाहेर टँकरची रांग आणि आत केळ्यांचे ढीग काळे पडत चाललेले, कारण सोललेलं केळं पाण्यात बुडवून ठेवलं नाही तर बघता बघता काळवंडतं. मी मॅनेजर. दिवसभर टँकरवाल्यांना फोन करायचो, मिनतवाऱ्या करायचो. तू आलास आणि पहिल्या दिवशी धुण्याच्या तीन हौदांपाशी उभा राहून बघत बसलास. तिन्ही हौदांत ताजं पाणी सोडलेलं, तिन्हींतून गटारात चाललेलं.

"तिघा हौदले ताजं पानी कसाले?" तू तुझ्या अहिराणीत विचारलंस. "नवरदेव शे का केळं?"

मग आपण पाइप फिरवले. ताजं पाणी फक्त शेवटच्या हौदात सोडायचं. तिथून ओसंडलेलं मधल्या हौदात, मधल्यातलं पहिल्यात. केळं जाणार घाणेरड्याकडून स्वच्छाकडे आणि पाणी येणार स्वच्छाकडून घाणेरड्याकडे. मोठमोठ्या कारखान्यांत असंच करतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण ठाऊक असून मी हलवलं नव्हतं काही. पुढे शेठसमोर मी त्याला इंग्रजी नाव देऊन पडद्यावर दाखवलं. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "मन्ही अम्मीन्या घमेलाले तू इंग्रजी नाव दिधं. आते पगार वाढई."

माझा वाढला. तुझा फारसा नाही. हे तू कधी काढलं नाहीस. मीही काढलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मशिनं बंद असताना आपण गळती शोधायला निघायचो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. तू डोळे मिटून उभा राहायचास, डॉक्टर छाती तपासतो तसा. पाणी चालू नसताना पाइप जिथं कुजबुजतो तिथं गळती. मला सुरुवातीला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. तू चिडायचास, "कान लाव, कान! बायको बोलते तेव्हा लावतोस तसा नको." मग एकदा मला ऐकू आलं. शिट्टीसारखा बारीक आवाज, फरशीखालून. तू माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारलीस की दात टेकले जिभेला. त्या पाठीवरच्या थापेइतकं मोठं बक्षीस मला त्या कारखान्यानं दिलं नाही, हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एकही टँकर लागला नाही. आपला नेहमीचा टँकरवाला फाटकावर चौकशीला आला. कारखाना बंद पडला का, म्हणून. तू त्याला चहा पाजलास आणि म्हणालास, "बंद पडला नाही रे बाबा, शहाणा झाला."

आणि त्यावरूनच आपलं भांडण सुरू झालं. पाणी वाचतंय म्हटल्यावर शेठनी तळणाची नवी लाइन टाकली. मी खूश होतो. तितक्याच पाण्यात दीडपट माल, आणखी बायकांना काम. तू मात्र चहाच्या टपरीवर मला धरलंस. म्हणालास, "वाचलेलं पानी कोठे शे? दाखव माले. बोअर तितलाच चाली राहिना. शेजारच्या शिवारातल्या विहिरी तितल्याच खाली जाई राहिन्या. तू पानी वाचाडं नही मध्या, तू वेफर्स वाढाड्यात." मी म्हटलं, मग काय त्या बायकांना घरी बसवू? रावेरहून येणारी केळी रस्त्यावर फेकू? कोणी ना कोणी ती तळणारच आहे, ते निदान कमी पाण्यात तळू दे. तू म्हणालास, तेबी बरोबर. पण मन्हंबी बरोबर. हे भांडण आपण वर्षानुवर्षं घातलं. टपरीवाला आपण आलो की म्हणायचा, आले पाणीवाले. ते अर्धंच राहिलं. आता एकटा घालतो कधीकधी, दोन्ही बाजूंनी. माझ्या बाजूनं बोलताना माझाच आवाज मला नकोसा होतो.

टाकीही आपण दोघांनीच केली. ती तुझीही होती आणि माझीही, हे लिहायला हवं, कारण आता लोक ती माझी म्हणतात, तर कोणी तुझी. पहिल्या हौदातून सुटणारं पाणी चिकाचं आणि पिठूळ असतं. ते गटारात सोडण्याऐवजी जमिनीखालच्या बंद टाकीत घ्यायचं, साका, म्हणजे तळाचा गाळ, बसू द्यायचा, वाळूच्या गाळणीतून काढून त्यानं मातीनं माखलेले घड धुवायचे, संडासांना वापरायचं, झाडांना द्यायचं. बायका तिला चिकाची टाकी म्हणायच्या. रोज पाणी येत-जात असतं तोवर ती गरीब गाय. पण चिकाचं पाणी साठून राहिलं की आंबतं, सडतं आणि झाकणाखाली विषारी वायू धरतं. म्हणून आपण नियम केला होता की कारखाना एका दिवसाहून जास्त बंद राहणार असेल तर टाकी उपसून सांडपाण्याच्या प्रक्रियेला सोडायची आणि झाकण उघडं ठेवायचं. आत उतरायचं झालं तर आधी ब्लोअरनं हवा सोडायची, कमरेला दोर बांधायचा आणि वर दुसरा माणूस उभा करायचा. नियम मीच मोठ्यानं वाचून दाखवला होता सगळ्यांना. नाशिकला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो त्यासाठी.

आणि आपला दुसरा एक नियम होता, जो कुठं सांगितलेला नव्हता. तुझ्या ईदला कारखान्यावर मी, माझ्या दिवाळीला तू. तुझ्या ईदचा शिरखुर्मा मला डब्यातून फाटकावर यायचा. माझ्या दिवाळीचा फराळ तुझ्या टेबलावर. तू करंज्या संपवून चकल्या वॉचमन तुकारामनानांना द्यायचास, दात दुखतात म्हणून. या दिवाळीतही तसंच. म्हणून मी रावेरला ताईकडे ओवाळून घेत होतो आणि तू तिथं होतास.

या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक येणार होते. आता ते मालाची चव बघतात त्याआधी पाणी बघतात. एका किलो वेफर्समागे किती पाणी लागलं, त्यातलं परत किती वापरलं. प्रत्येक लाइनवर मीटर आहे, मीटर खोटं बोलत नाही. टाकी उपसली असती तर सुट्टीनंतर सगळं नव्यानं बोअरचं पाणी भरावं लागलं असतं. आकडा चढला असता. शिवाय सकाळी पाहुण्यांसमोर परतीच्या पाण्याची लाइन कोरडी दिसली असती. मी शेठना शब्द दिला होता की चालू दाखवतो.

दिवाळीला निघताना फाटकापाशी तू मला गाठलंस.

"टाकी उपसाले लावस मी."

"नको. भरलेली राहू दे."

"सडी जाई."

"सण झाला की लगेच वापरायचीय. थोडी ब्लीचिंग पावडर जास्त टाकू."

तू माझ्याकडे बघत राहिलास. म्हणालास, "तू पानी पाही राहिना का पावना पाही राहिना?"

मला राग आला. खरं बोललास म्हणून आला. मी म्हटलं, "घमेल्यातलं पाणी जपणारा तूच ना? आता मोठा झालास, फेकायला निघालास?"

तू हसलास, पण पूर्ण नाही. "घमेलाले झाकन नव्हतं रे."

मी गाडीत बसलो. काच वर केली. अन्वर, ती काच मी मुद्दाम वर केली होती, तुझं पुढचं ऐकू येऊ नये म्हणून. तू आणखी काहीतरी बोलत होतास, ओठ हलत होते. ते काय होतं ते आता कोणाला विचारू?

भाऊबीजेला संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा ताई आरती घेऊन समोर उभी होती. तू सकाळची तयारी म्हणून परतीची लाइन चालवून बघत होतास.

"पंप पानी उचली नही राहिना. खाले वॉल्व्हमा साका बसना व्हई. उतरनं पडी. पन ब्लोअर नही शे, तो धुळ्याले दुरुस्तीले पडेल शे."

ब्लोअर धुळ्याला मीच पाठवला होता. सुट्टीत कशाला लागतोय, म्हणून.

मी म्हटलं, "झाकण उघडून ठेव थोडा वेळ आणि पटकन उतरून ये. सकाळी लाइन चालू दिसली पाहिजे."

"वास येस रे."

"वास तर रोजच येतो."

ताईनं विचारलं, कोणाचा फोन? मी म्हटलं, अन्वरचा. ती म्हणाली, माझा नमस्कार सांग. मी सांगितला नाही. तू म्हणालास, "बरं साहेब." तू मला लोकांसमोर साहेब म्हणायचास ते चिडवायला. त्या वेळी तुझ्या आजूबाजूला कोणी नव्हतं आणि तू चिडवत नव्हतास.

ताईनं ओवाळलं, मी ओवाळणी टाकली, ताटावर बसलो. पुन्हा फोन आला. तुझा आवाज मोकळा होता. "वास गया मध्या. बराबर शे तुन्हं. उतरस मी."

आता हे मी लिहितो ते नीट लिहितो. नाशिकच्या त्या प्रशिक्षणात एका माणसानं आम्हाला बजावून सांगितलं होतं की या वायूचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, पण तो फार झाला की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. वास येणं धोक्याचं, वास जाणं त्याहून. मीच हे परत येऊन तुम्हा सगळ्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. एवढ्या बारकाव्यात काय जायचं, असं वाटलं होतं. म्हणजे ते मला एकट्याला माहीत होतं. टाकीच्या काठावर वाकलेला तू मला सांगत होतास की वास गेला, आणि मी, ज्याला त्याचा अर्थ माहीत होता, घास तोंडात घालत म्हणालो, "बघ, म्हटलं ना. उतर."

मला त्या क्षणी आठवलं नाही असं मी स्वतःला सांगत आलो. रात्र रात्र सांगितलं. खरं काय ते मलाच कळत नाही. कुठंतरी काहीतरी हललं होतं आत, आणि मी त्यावर भात कालवला. यापेक्षा प्रामाणिक मला होता येत नाही.

नंतरचा फोन तुकारामनानांचा होता. "साहेब, अन्वरभाऊ आतून ओ देत नाही. मी उतरू का?" तेव्हा मात्र मी ओरडलो, "उतरू नका नाना! अग्निशामकला फोन करा!" बघ ना. त्या वेळी सगळं प्रशिक्षण आठवलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शेठ उभे होते. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मधुकर, त्यानं कोणाला विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

मला कोणी शिकवलं नव्हतं. कोणी दम दिला नव्हता. इतका सोपा शब्द होता तो, श्वास सोडल्यासारखा निघून गेला. आणि मग त्या एका शब्दाला पाय फुटले. पोलिसांकडे गेला, कारखाने निरीक्षकांकडे गेला. माझ्या फोनवर तुझे दोन फोन दिसत होते. ते कशाचे, असं विचारल्यावर मी सांगितलं, भाऊबीजेच्या शुभेच्छा द्यायला केले होते. शोकसभेत कोणीतरी म्हणालं, अन्वरभाईंचं कामावर फार प्रेम, पण धाडस नडलं. कोणी म्हणालं, नियम पाळले असते तर आज आपल्यात असते. सगळे माना हलवत होते. मीही हलवली. तुझ्या शोकसभेत, अन्वर, पहिल्या रांगेत बसून.

कारखान्यात तुझं नाव आता धडा म्हणून घेतात. नव्या माणसाला सांगतात, अन्वरभाईसारखं करू नको. बायका केळी सोलता सोलता तुझ्याबद्दल बोलतात आणि मी जवळून गेलो की गप्प होतात. त्या मला जपतात, जवळचा दोस्त गेला म्हणून. पाहुणे आले नाहीत, त्यांनी भेट पुढे ढकलली. टाकी उपसली. ते पाणी शेवटी गेलं तिथंच, जिथं तू चार शब्दांत पाठवत होतास.

अमळनेरला तुझं सामान द्यायला गेलो तेव्हा तुझी बायको, शमीमभाभी, इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर परक्या पुरुषासमोर न येण्याच्या दिवसांत. मधे पडदा. आतापर्यंत ज्यांच्या हातचं पोटभर जेवलो त्यांचा फक्त आवाज येत होता. मी जमिनीकडे बघून बसलो होतो. तुझा भाऊ युसूफभाई चहा ठेवून बाहेर गेला.

भाभी म्हणाल्या, "मधुभाई, एक सांगा. ते तुम्हाला विचारल्याशिवाय साधा नळ बदलत नव्हते. घरी बसून फोन लावायचे तुम्हाला. मी म्हणायची, निकाह माझ्याशी केला की मधुभाईशी? मग त्या दिवशी न विचारता कसे उतरले?"

मी म्हटलं, "माहीत नाही, भाभी."

मग त्या बोलल्या ते माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं. "शेवटचं तोंड दाखवलं तेव्हा बायका रडत होत्या. मी रडले नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन भांडले. म्हटलं, कोणाला विचारलं नाहीत, माझा विचार केला नाहीत, पोरीचा केला नाहीत. स्वतःच्या मर्जीनं गेलात. जा मग. असं म्हटलं मी. 'जा मग.' अजून राग जात नाही. दुआ करायला बसते आणि भांडण सुरू होतं."

अन्वर, तेव्हा सांगायला हवं होतं. पडदा हातभर लांब होता. तोंड उघडलं आणि म्हटलं, "काळजी घ्या भाभी." उठलो. परतीच्या एस.टी.त माझ्या शेजारी एक माणूस कपाशीच्या भावाबद्दल बोलत होता आणि मी त्याला हं हं करत होतो. तुझी बायको रोज तुझ्या मढ्याशी भांडते आहे एका अशा गोष्टीवरून जी तू केलीच नाहीस, आणि ती गोष्ट मी रचली आहे. मी तुला एकदाच मारलं असं नाही. घरी जाऊन पुन्हा मारलं, तुझ्याच माणसाच्या मनात.

त्यानंतरही मी गप्प राहिलो. कामावर गेलो, मीटर वाचले. माझ्या बायकोनं विचारलं, झोप का लागत नाही, तर पित्त झालंय म्हटलं. मला वाटायचं, सांगितलं तर नोकरी जाईल, खटला होईल, पोरांची शिक्षणं. ही सगळी खरी कारणं आहेत. तुझ्या पोरीचंही शिक्षण आहे, हे कारण मात्र मला त्या यादीत एकदाही आठवलं नाही.

तुझ्या चाळीसाव्याच्या दिवशी सकाळी मी जळगावला निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. धाडस आलं म्हणून नाही. अमळनेरला जायचं होतं आणि पुन्हा त्या पडद्यासमोर बसून "माहीत नाही" म्हणवलं नसतं म्हणून. पाणी साठवून ठेवायला मी सांगितलं, उतरायला मी सांगितलं, वास गेल्याचा अर्थ मला माहीत होता, हे सगळं बोललो. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "याचे परिणाम कळतायत ना तुम्हाला?" मी हो म्हटलं. शेठना फाटकावर जाऊन सांगितलं. ते नुसते म्हणाले, "मला त्याच रात्री का नाही सांगितलंस?" आणि पाठ फिरवून आत गेले. मग गाडी धरून अमळनेर.

गल्लीत सतरंज्या घातल्या होत्या. फातेहा होऊन लोक जेवून बसलेले. आपल्या शाळेतलेही काही होते, हे वाचणारे काही जण तिथं होतेच. मी आत गेलो. तोच पडदा. मी उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. पहिला फोन, दुसरा फोन, वास गेला म्हणालास ते, उतर म्हणालो ते. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.



मग भाभी म्हणाल्या, "म्हणजे विचारलं होतं त्यांनी."

"हो."

"दोनदा."

"दोनदा, भाभी."

"आणि मी त्यांना काय काय बोलले." आवाज फाटला. मग सावरला. "मधुभाई, तुमच्याशी काय बोलायचं ते मी नंतर बघेन. माफ करेन की नाही मला माहीत नाही, आज विचारू नका. आज मला त्यांच्याशी बोलायचंय. तुम्ही बाहेर जा."

मी वळलो. त्या पुन्हा बोलल्या.

"बाहेर म्हणजे घरी नाही. बाहेर सगळे बसलेत. इतके दिवस त्यांच्यातला जो तो म्हणतोय, अन्वरनं आपल्या हातानं केलं. मला एकटीला सांगून जाऊ नका."

मी ओट्यावर आलो. युसूफभाई लोकांना पाणी देत होता. मी त्याच्या हाताला धरून थांबवलं आणि म्हटलं, मला एक सांगायचंय. लोक वर बघू लागले. तुला माहीत आहे, वर्गात उभं राहून मला कविता म्हणता यायची नाही, तू मागून शब्द पुरवायचास. तिथं पुरवायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, "अन्वर न विचारता उतरला नव्हता. मला विचारून उतरला. मी उतर म्हटलं. मी खोटं बोललो होतो."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं तोंडाशी नेलेला पेला तसाच धरून ठेवला. युसूफभाईनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या खांद्यावरून मागं, सतरंजीच्या टोकापर्यंत बघितलं.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," तो म्हणाला. "परत सांग. मोठ्यानं."

मी परत सांगितलं.